स्टेशन तीनदा रंगवलं, तरी ते १९५५ मध्येच का अडकतं?

"गाडी आजची आणि स्टेशन आजोबांचं." मॉडेल रेल्वेचा लेआउट, म्हणजे रूळ, गाड्या आणि स्टेशन मांडलेला छोटा देखावा, बघायला आलेला माणूस दोन मिनिटांत हे बोलतो. घरची मंडळी बोलत नाहीत, कारण त्यांना आता सवय झाली आहे. एचओ मापात, म्हणजे १:८७ मध्ये, भारतीय रेल्वे बनवणाऱ्या बहुतेकांना ही तक्रार कधी ना कधी ऐकावी लागते. आपण स्टेशन दुरुस्त करतो, काही महिने समाधानात जातात आणि मग कुणीतरी पुन्हा तेच वाक्य टाकतं.

माझं स्टेशन 'चिंचखेड रोड'. दौंड-मनमाड मार्गावर कुठेतरी आहे असं समजायचं, नकाशात शोधू नका. बारा-तेरा वर्षांपूर्वी बांधलं तेव्हा डोळ्यांसमोर साल होतं १९५५: काळ्या दगडाची बैठी इमारत, तीन कमानी, मंगलोरी कौलं, रुळांपेक्षा जेमतेम वर असलेला फलाट, हात वर-खाली करणारे सिग्नल आणि वाफेच्या इंजिनाला पाणी पाजणारा खांब. गाडीला वाफेचं डब्ल्यूपी इंजिन. सगळं एका काळातलं, त्यामुळे भांडण नव्हतं.

मग घरी थ्रीडी प्रिंट करून डब्ल्यूएपी-७ हे आजचं विजेचं इंजिन बनवलं, मागे नव्या बनावटीचे लाल एलएचबी डबे जोडले आणि भांडण सुरू झालं. पहिल्यांदा मी नावाची पाटी बदलली. दुसऱ्यांदा भिंती फिकट गुलाबी-बदामी केल्या. तिसऱ्यांदा एलईडी इंडिकेटर, कचऱ्याचे हिरवे-निळे डबे आणि स्वच्छतेचा फलक लावला. तिन्ही वेळा स्टेशन जुनंच दिसलं, फक्त दर वेळी जरा जास्त नटलेलं.

दोष कुठे आहे हे आमच्या सोसायटीतल्या निवृत्त स्टेशनमास्तरांनी एका वाक्यात सांगितलं. लेआउटवर वाकून त्यांनी लाल डब्याच्या दाराकडे बोट केलं आणि म्हणाले, "इथून म्हातारं माणूस उतरणार कसं? फलाट कुठाय?"

आपण उलट्या टोकाने सुरुवात करतो. पाटी, मग रंग, मग दिवे, आणि फलाटाला हात लावायची वेळच येत नाही. रेल्वेने मात्र आधी फलाट उचलला, मग तारा ओढल्या, मग भिंतीवर वायरी, यंत्रं आणि पाइप टांगले, आणि शेवटी रंग आणि पाटी. हा क्रम मॉडेलवर पाळला की अर्धं काम होतं. जुन्या इमारतीवर नवा काळ थराथराने चढलेला असतो, आणि आपण फक्त सर्वांत वरचा थर लावून मोकळे होतो.

आधी तपासणी

एचओ मापातला माणूस साधारण १९ मिमी उंच असतो. मोबाइल उलटा धरा, म्हणजे कॅमेऱ्याची भिंग खाली येते आणि तुम्ही त्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला पोचता. फलाटावरून इमारतीचा फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. नावाची पाटी अंगठ्याने झाका. आता कोणतं साल वाटतं ते मोठ्याने म्हणा. १९५५ वाटलं तर चूक आकारात आहे आणि रंगाच्या डबीने ती सुटणार नाही. कृष्णधवल फोटोत आजचं वाटतं पण रंगीत फोटोत खटकतं, असं झालं तर थेट दिव्यांच्या आणि पाटीच्या भागाकडे जा, मधलं सगळं सोडून दिलंत तरी चालेल.

माझ्या फोटोत १९५५ स्पष्ट दिसत होतं. गुलाबी रंग दिलेलं १९५५.

फलाट

ब्रॉडगेजचा उंच फलाट रुळांच्या माथ्यापासून ७६० ते ८४० मिमी असतो. ८७ ने भागलं की ८.७ ते ९.७ मिमी. माझा जुना फलाट ३ मिमीचा होता, म्हणजे साडेसहा मिमीची भर घालायला हवी होती. ऐकायला किरकोळ वाटतं. पण खऱ्या जगात ते ५६० मिमीच्या पुढे जातं, आणि माणसाची मांडी तेवढ्या उंचीवर असते.

इथे नेहमीची चूक अशी होते: साडेसहा मिमीचा माउंटबोर्ड (जाड पुठ्ठा) किंवा एमडीएफ (लाकडाच्या भुशाची फळी) कापून इमारतीपर्यंत चिकटवला जातो, आणि मग लक्षात येतं की दारं अर्धी गाडली गेली. त्यावर उपाय म्हणून लोक अख्खी इमारत साडेसहा मिमी वर उचलतात. मीही उचलली होती. फलाटाकडून छान दिसली, रस्त्याकडून मात्र हवेत तरंगायला लागली, आणि तिथे पायऱ्या लावल्यावर स्टेशनाचं देऊळ झालं. खरं स्टेशन असं कुणी उचलत नाही. फलाट वाढतो आणि इमारत आहे तिथेच राहते. म्हणजे फलाटाच्या बाजूने ती बुडते.

ते बुडणंच तुम्हाला हवं आहे. जुन्या स्टेशनाला आजच्या काळात आणणारी एवढी मोठी खूण दुसरी नाही. दगडी जोतं फलाटाखाली जातं. कमानी बुटक्या दिसायला लागतात. खिडकीचा कट्टा आधी माणसाच्या कमरेला होता, ९०० मिमी धरा. आता तो फलाटापासून ३३५ मिमीवर येतो आणि लोक त्यावर बसायला लागतात. मी तिथे डबा उघडून बसलेली एक बाई ठेवली आहे. सगळ्या लेआउटवर लोक तिच्याकडेच आधी बघतात.

दारांचं काय करायचं? दोन रस्ते आहेत. एक, इमारतीला लागून १५ ते १८ मिमी रुंदीची पट्टी जुन्याच पातळीवर सोडायची आणि नव्या फलाटावरून तिथे उतरायला तीन-चार पायऱ्या किंवा छोटा उतार करायचा. भिंत आणि नवा फलाट यांच्यामध्ये गटार येतं, त्यावर लोखंडी जाळी. मास्तरांना हे दाखवल्यावर ते खूष झाले, कारण फलाट वाढला की पहिल्या पावसात ऑफिसात पाणी शिरतं हे त्यांनी भोगलेलं होतं. दोन, पट्टी न सोडता फलाट भिंतीला भिडवायचा आणि दार खालून बुजवायचं. दोन-तीन दारं विटांनी अर्धी बुजवून त्यांच्या खिडक्या करा, एकच दार वापरात ठेवा. बुजवलेल्या भागाचा गिलावा बाकीच्या भिंतीशी जुळू देऊ नका. दगडी कमानीत सिमेंटचा गुळगुळीत चौकोन दिसला की वर्ष सांगायला पाटी लागत नाही.

फलाटाची टोकंही बघा. आपण सहसा तिथे कटरने सरळ काप मारतो. खऱ्या फलाटाला टोकाशी उतार असतो, सहाला एकपेक्षा तीव्र नाही. ९.७ मिमी उंचीला तो जवळपास ५८ मिमी लांब होतो. लेआउटवर ५८ मिमी जागा देताना जीव जातो, पण द्या.

आता सर्वांत जास्त डोकं खाणारा प्रश्न: फलाट उंच केल्यावर डबे घासतात. दर वेळी. जुना बुटका फलाट डब्याच्या पायऱ्यांच्या खाली असायचा, म्हणून तुम्हाला हे कधी जाणवलंच नाही. खरा फलाट रुळांच्या मध्यापासून १६७० ते १६८० मिमीवर असतो, म्हणजे मॉडेलवर सव्वाएकोणीस मिमी. एलएचबी डबा ३२४० मिमी रुंद, त्याचा अर्धा १८.६ मिमी. उरली फट ०.६ मिमी. सरळ रुळावरही हे आपल्या हातांच्या अचूकतेबाहेरचं आहे. मी २०.५ मिमी ठेवतो.

वळणावर तर हिशोबच वेगळा. जुना निळा आयसीएफ डबा मॉडेलमध्ये २४५ मिमी लांब, एलएचबी २७० मिमी. दोघांच्या बोगींमधलं, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या दोन सांगाड्यांमधलं, अंतर मात्र जवळजवळ सारखंच, १७० मिमीच्या आसपास. म्हणजे एलएचबीची जादा लांबी बोगींच्या बाहेर लोंबते. ६०० मिमी त्रिज्येच्या वळणावर आयसीएफचं टोक रुळांच्या मध्यापासून साडेसहा मिमी बाहेर फेकलं जातं, एलएचबीचं नऊ मिमी. "इतकी वर्षं निळे डबे नीट जात होते, लाल डबे का अडकतात?" याचं उत्तर एवढंच आहे. वळणाच्या बाहेरच्या बाजूला फलाट असेल तर अर्धी रुंदी १८.६, अधिक ९, अधिक मोकळीक १, म्हणजे जवळपास २९ मिमी सोडावे लागतात. आतल्या बाजूला डब्याचं पोट सहा मिमी आत येतं, तिथे २६ मिमी पुरतात. २९ मिमी दूर गेलेला फलाट बघवत नाही हे मला मान्य आहे. शक्य असेल तर स्टेशन सरळ रुळावर हलवा.

चिकटवण्याआधी फलाटाच्या जागी पोस्टकार्ड ठेवा आणि तुमच्याकडचा सर्वांत लांब डबा हाताने ढकलत न्या. इंजिनाने ओढत नेऊ नका. हाताला जी घासट कळते ती इंजिनाला कळत नाही, ते रेटून नेतं आणि डब्याचा रंग काढतं.

तारा

ओएचईची, म्हणजे रुळांवरच्या विजेच्या तारांची, संपर्कतार रुळांपासून साडेपाच मीटरच्या आसपास, म्हणजे मॉडेलवर ६३-६४ मिमी. तुमचा जुना पादचारी पूल किटमधला असेल तर तो बहुधा ६० मिमीच्या आसपास असेल, कारण किट बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वाफेचं किंवा डिझेलचं इंजिन होतं. डिझेल त्याखालून जातं. पेंटोग्राफ (तारेतून वीज घेणारा छपरावरचा सांगाडा) वर केलेलं विजेचं इंजिन पुलाला धडकतं. पूल फेकू नका. खांबांखाली काँक्रीटचे ठोकळे द्या आणि तो ७५ मिमीपर्यंत चढवा. पायऱ्यांच्या तळाशी नव्या तीन-चार पायऱ्या जोडा, त्यांचा रंग जुन्यापेक्षा वेगळा. रुळांच्या वरच्या भागात कठड्याला बंद पत्रे किंवा बारीक जाळी लावा आणि त्यावर २५००० व्होल्टच्या धोक्याची पाटी. मॉडेलवर ती तांदळाच्या दाण्याएवढी होते, वाचता येत नाही, पण लाल ठिपका डोळ्याला कळतो.

खरी संपर्कतार १०७ चौरस मिमी छेदाची असते, व्यास १२ मिमीच्या आसपास. १:८७ मध्ये ०.१४ मिमी. बाजारातली ०.५ ची तांब्याची तार लावली तर ती कपडे वाळत घालायची दोरी दिसते. ०.२ मिमी लावा, काळपट तपकिरी रंगवा. पेंटोग्राफ तारेला न टेकता अर्धा मिमी खाली राहील असा बारीक दोऱ्याने बांधून ठेवा. तार टिकते आणि लांबून कुणाला पत्ता लागत नाही.

एक सापळा आहे. तारा म्हणजे आधुनिक काळ, हे समीकरण महाराष्ट्रात सगळीकडे चालत नाही. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ ला १५०० व्होल्ट डीसीवर गाडी धावली आणि १९३० पर्यंत तारा घाट चढून पुण्याला पोचल्या होत्या. तुमचं स्टेशन लोणावळ्याजवळचं असेल तर १९५५ च्या लेआउटवरही तारा हव्यातच; तिथे फरक तारा आहेत की नाहीत यात नसून डीसी जाऊन २५००० व्होल्ट एसी आला यात आहे. उलट पुणे-मिरज पट्ट्यातलं १९५५ दाखवायचं तर तिथे ब्रॉडगेजच नव्हतं, मीटरगेज होतं. आणि बार्शी लाइट रेल्वेच्या वाटेवरचं एखादं स्टेशन आजचं करायचं तर आधी अडीच फुटी रूळ उखडावे लागतील, इमारतीचा विचार नंतर.

भिंतीवर काय लटकतं

हा भाग मजेचा, म्हणून लोक यात वाहवत जातात. एका सुट्टीत मी बावीस वस्तू बनवल्या आणि भिंत भंगाराचं दुकान दिसायला लागली. सात-आठ पुरतात, पण प्रत्येकीला कारण हवं.

एसीचा बाहेरचा डबा ९ बाय ६ बाय ३.५ मिमी. तो कुठेही लावू नका. सिग्नलची यंत्रणा ज्या खोलीत आहे तिथेच लावा, शक्यतो दोन शेजारी शेजारी, आणि खाली भिंतीवर पाणी ठिबकल्याचा काळपट-हिरवा ओघळ. काळी प्लॅस्टिकची हजार लिटरची टाकी साडेबारा मिमी व्यासाची होते. जाड पेनच्या टोपणाला गोल रेघा पाडल्या की झाली. कौलारू छपरावर टाकी राहत नाही, तेव्हा तिला मागच्या बाजूच्या शौचालयाच्या स्लॅबवर चढवा. सीसीटीव्ही दोन पुरेत. सौर तावदानं लावायची तर २३ बाय साडेअकरा मिमी, आणि सगळी दक्षिणेकडे कललेली. माझ्या एका मित्राने छपराच्या दोन्ही उतारांवर लावली होती. निम्मी उत्तरेला तोंड करून बसली होती.

वायरी मात्र हव्यात. जुन्या दगडी भिंतीत वायर आत लपवता येत नाही, म्हणून ती पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्टीतून भिंतीवरून फिरते, कमानीला वळसा घालते, दगडाच्या उंचवट्यावरून उडी मारते. ०.५ मिमीची पांढरी पट्टी, जरा वाकडी. बारीक निरीक्षण करणारा माणूस याच गोष्टीवर विश्वास ठेवतो.

छपराचं एकच सांगतो: सगळी कौलं काढून निळे पत्रे लावू नका. मूळ इमारतीवर कौलं राहू द्या, फलाटावरचं जादा छप्पर पत्र्याचं करा. जिथे दोन्ही भेटतात तिथे पावसाचं पाणी नेणारी पन्हळ.

रस्त्याची बाजू

फलाटाकडे सगळं करून लोक रस्त्याची बाजू टांग्याच्या काळात सोडून देतात. आवारात पेव्हर ब्लॉक, रिक्षा, दुचाकींची दाटी, हे कुणीही करेल. खरा प्रश्न दर्शनी भागाचा आहे. स्थानकांच्या नूतनीकरणाच्या अमृत भारत योजनेत देशभरातल्या १०३ स्थानकांचं एकाच दिवशी, २२ मे २०२५ ला, उद्घाटन झालं, त्यात आपल्याकडची बारामती, केडगाव, लोणंद, लासलगाव होती. आज छोटं स्टेशन करायचं तर अशा कामाची थोडी तरी खूण यायला हवी: पुढे आलेला पोर्च, गुळगुळीत पॅनेलचं आवरण, उठावदार अक्षरांत नाव.

मॉडेलवर हे सोपं आहे. पोर्च जुन्या भिंतीला चिकटवायचाच नाही. स्वतःच्या खांबांवर उभा करून भिंतीपासून तीन-चार मिमी पुढे ठेवायचा. त्या फटीतून मागची काळी कमान दिसत राहते. शिवाय उद्या पुन्हा डब्ल्यूपी चालवायचं मन झालं तर पोर्च उचलून बाजूला ठेवता येतो. पॅनेलसाठी चकचकीत रंग वापरू नका, इतक्या लहान मापात चकाकी खेळण्यासारखी दिसते. मॅटच्या वर एक हलका सॅटिन हात पुरतो.

दिवे: भगभगीत किंवा भिंतीतून गळणारे

आमच्या छंदात सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर ९ उरतात, आणि पुण्याच्या तपकीर गल्लीतला इलेक्ट्रॉनिक्सचा दुकानदार ४७० ओहमचा रोधक (रेझिस्टर) हातात ठेवतो. त्याचं गणित बरोबर आहे, २० मिलिअँपिअर मिळतात. पण एवढ्या प्रकाशात चिंचखेड रोडवर दिवस-रात्रीचा क्रिकेट सामना भरवता येईल. ४.७ किलोओहम लावा, दोन मिलिअँपिअरपेक्षा कमी जातात. ऑफिसच्या आतल्या खोलीला १० किलोओहमसुद्धा चालतो. एलईडीची चिकटपट्टी वापरत असाल तर तिला १२ ऐवजी ९ व्होल्टचा अडॅप्टर द्या, ती विझू विझू करत पेटते, नेमका हवा तेवढा उजेड. वरून ट्रेसिंग पेपर, नाहीतर ठिपके दिसतात.

रंग काळाप्रमाणे. १९५५ ला पिवळट बल्ब, मधल्या काळात ट्यूबलाइट, आज थंड पांढरा एलईडी. आजचं स्टेशन करतानाही एक पिवळा दिवा मागच्या व्हरांड्यात राहू द्या, तो बदलायचा राहून गेलेला.

भिंतीतून उजेड गळत असेल तर बाहेरून रंगाचे हात चढवण्यात अर्थ नाही. आतून आधी काळा, मग पांढरा. मी एकदा शॉर्टकट म्हणून आतून स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियमची फॉइल लावली. ती एलईडीच्या पायांना टेकली, अडॅप्टर बंद, आणि दोष शोधण्यात एक रविवार गेला. रुळांतून वीज घेऊन दिवे लावलेत तर ते गाडीबरोबर मिचमिचतात. इमारतींना वेगळा अडॅप्टर द्या, विषय संपला.

पाटी

मराठी माणसाने या भागात जरा रेंगाळायला हरकत नाही.

पिवळ्यावर काळी अक्षरं तेव्हाही होती, आजही आहेत, म्हणून पाटी बदलून काळ बदलत नाही. फरक अक्षरांत आहे. जुनी पाटी पेंटरने कुंचल्याने काढलेली: शिरोरेघ जाड, अक्षरं जागेप्रमाणे कमी-जास्त रुंद, शेवटचं अक्षर मावत नसेल तर किंचित दाबलेलं. आजची पाटी संगणकावरून कापलेली, सगळी अक्षरं एका मापाची. आणि ल कडे बघा. पेंटर मराठी असेल तर त्याचा ल आणि श मराठी वळणाचे. संगणकाचा फॉन्ट बहुतेकदा हिंदी वळणाचे देतो. मराठी नावाखाली हिंदी नाव, दोन्ही ओळी अक्षरशः एकसारख्या, हा प्रकार आपल्याकडे सर्रास दिसतो. मॉडेलवरही तस्साच करा, लोक हसतात आणि ओळखतात. समुद्रसपाटीपासूनची उंची जुन्या पाटीवर फुटांत, आता मीटरमध्ये. खरं ठिकाण घेतलं असेल तर नावही तपासा: १९९५ च्या लेआउटवर 'छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस' लिहून चालणार नाही, ते नाव २०१७ चं, १९९६ च्या आधी तिथे 'व्हिक्टोरिया टर्मिनस' होतं.

छापील पाटीची पांढरी कड दिसते, ही तक्रार नेहमीची. कापल्यावर कडेवरून पिवळा स्केचपेन फिरवा. इंकजेटची छपाई जुलैत फुटते, शाई पसरते. लेझर छपाई करून आणा किंवा वरून मॅट वार्निशचा फवारा मारा, एका जाड हाताऐवजी तीन पातळ.

पावसाळ्यातली दुखणी

माउंटबोर्ड आणि एमडीएफ एका बाजूनेच रंगवलं की श्रावणापर्यंत पापडासारखं वाकतं. दोन्ही बाजूंना हात द्या, कडांनाही. थर्मोकोलच्या गाभ्याचा फोमबोर्ड स्प्रे पेंटने विरघळतो, आधी अॅक्रिलिकचा थर द्या. जुन्या प्लॅस्टिक किटवर नवा रंग पोपडे धरत असेल तर बहुधा वर्षानुवर्षांची धूळ आणि बोटांचं तेल आहे. भांडी घासायच्या साबणाने धुवा, पूर्ण वाळू द्या, प्रायमर मारा. खिडकीच्या पारदर्शक काचा इन्स्टंट ग्लूच्या वाफेने पांढुरक्या होतात. पुसून त्या कधीच नीट होत नाहीत, काढून नव्या लावा आणि या वेळी फेविकॉल वापरा. तो वाळून पारदर्शक होतो आणि चुकलं तर निघतोही.

काय जुनंच ठेवायचं

तिसऱ्या दुरुस्तीनंतर मी पाण्याचा खांब, सिग्नलची केबिन आणि मालधक्का काढून टाकले होते, कारण ते जुने. ही चूक होती. वाफेच्या इंजिनाचा पाण्याचा खांब जाऊ दे, हात हलवणारे सिग्नलही जाऊ देत. पण लोखंडी पत्र्यांची चौकोनी उंच टाकी उभी राहते, तिच्यातून आता दुसऱ्याच कामाला पाणी जातं. केबिनमधले लिव्हर निघतात, खिडक्यांना पत्रे ठोकले जातात, जिन्याची खालची पायरी तुटते, आणि शेजारी सपाट छपराची नवी चौकोनी खोली येते, एसीसकट. मालधक्क्याचं दार गंजून बंद, समोरचा रूळ गवतात. जुन्या रुळांचे उभे तुकडे कुंपणाचे खांब म्हणून तसेच. पिंपळाभोवतीचा पार तसाच, फक्त त्याला आता टाइल्स.

मास्तर गेल्या आठवड्यात पुन्हा आले. बुडालेलं जोतं बघितलं, गटारावरची जाळी बोटाने दाबून बघितली, खिडकीच्या कट्ट्यावरच्या बाईबद्दल विचारलं. मग म्हणाले, "टोला कुठाय?" गाडी सुटल्याची खबर द्यायला ते ज्या लोखंडावर ठोके मारायचे तो, दाराशी टांगलेला रुळाचा तुकडा. तो मी १९५५ मध्येसुद्धा लावायला विसरलो होतो. फ्लेक्स ट्रॅक (मॉडेलचा वाकवता येणारा रूळ) कापताना उरलेला सात मिमीचा तुकडा सापडला, त्याला अर्धा मिमीचं भोक पाडलं आणि ०.२ च्या तारेने कमानीखाली, एलईडी इंडिकेटरच्या बाजूला, टांगला.